दोन टोकांची दोन केंद्रं आणि एकच अँटेना : काणकोणमधल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या काणकोण तालुक्यात, चावडी या गावापासून फार लांब नसलेलं चिऱ्यांचं कौलारू घर. मागे पोफळीचं कुळागर, पुढे नारळांचं भाट. घरात तीन पिढ्या राहतात. ऐंशी ओलांडलेल्या आजींचं माहेर कारवारजवळच्या सदाशिवगडचं, त्यामुळे सकाळी त्यांना आकाशवाणी कारवार हवं असतं, १०२.३ मेगाहर्ट्झवरचं. संध्याकाळी घरातल्या इतरांना पणजीची एफएम रेनबो हवी असते, १०५.४ वर. ऐकायला एक जुना, दणकट ट्यूनर-ॲम्प्लिफायर आहे. त्याच्या मागे ७५ ओहमचं अँटेनाचं सॉकेट आहे, आणि पुढचं सगळं काम त्या सॉकेटमुळेच शक्य झालं.

छपरावर दोन गंजलेले टीव्ही अँटेना उभे होते, एकाचं तोंड पणजीकडे आणि दुसऱ्याचं कारवारकडे. घरमालकांची मागणी साधी होती : हे दोन काढा, तसेच दोन नवे बसवा, म्हणजे टीव्हीही दिसेल आणि रेडिओही नीट लागेल.

नकाशावर रेघ ओढली की मामला लगेच कळतो. या घरापासून पणजी सरळ रेषेत ५५ ते ६० किलोमीटर, होकायंत्रावर ३३५ ते ३४० अंशांच्या दरम्यान, म्हणजे उत्तर-वायव्येला. कारवार २५ किलोमीटरच्या आत, साधारण १६० अंशांवर. दोन्ही दिशांत जवळजवळ बरोबर १८० अंशांचं अंतर. पणजीच्या वाटेवर करमल घाटाचे डोंगर आडवे येतात. कारवारच्या बाजूलाही चढउतार आहेत, पण अंतरच निम्म्याहून कमी. घर दोन केंद्रांच्या मधोमध नाही. एक केंद्र जवळचं आणि जोरकस, दुसरं लांबचं आणि डोंगराआडचं. अँटेना निवडताना सगळ्यात महत्त्वाची ठरली ती हीच असमानता, आणि पहिल्या दोन प्रयत्नांत नेमकं तिच्याकडेच दुर्लक्ष झालं.

टीव्हीचा प्रश्न आधी वेगळा काढला

मागणीचे दोन भाग होते आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी होती. प्रसार भारतीने २०२२ पर्यंत दूरदर्शनचे जमिनीवरचे जवळजवळ सगळे ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. मोक्याच्या ठिकाणचे थोडेच शिल्लक राहिले. त्यामुळे या छपरावर टीव्हीसाठी नवा यागी (ओळीने कांड्या लावलेला, एका दिशेला तोंड असलेला अँटेना) चढवण्यात काही अर्थ नव्हता, मग त्याचं तोंड कुठेही असो. हे घरच्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही, आणि पहिला खर्च तिथेच वाया गेला.

टीव्हीसाठी डीडी फ्री डिश घेतली. ती ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येते आणि महिन्याचं भाडं नाही. या घरातून तो उपग्रह १२६ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ६१ अंश वर. इतक्या उंचीवर असल्यामुळे माडांची फारशी अडचण होत नाही. डिशच्या वर १५ मीटर जाणारा माड सिग्नल अडवायचा तर तो डिशपासून सव्वाआठ मीटरच्या आत हवा. टेपने मोजून पाहिलं, आग्नेयेला सगळ्यात जवळचा माड ११ मीटरवर होता. साठ सेंटिमीटरची डिश चालली असती, पण जुलैच्या धारांत केयू बँडचा सिग्नल झपाट्याने पडतो, म्हणून ९० सेंटिमीटरची घेतली. डिशच्या तोंडाशी बसणारा एलएनबी मीटर बघत फिरवून घट्ट केला आणि टीव्हीचा विषय तिथे संपला. त्याच सेट-टॉप बॉक्सवर आकाशवाणीच्या काही वाहिन्याही मिळतात. पण आजींना रेडिओसाठी टीव्ही लावणं, दोन रिमोट सांभाळणं मान्य नव्हतं. ऐकणाऱ्याची सवय हीसुद्धा कामाची एक अटच असते, आणि ती अट धरूनच पुढे जायचं ठरलं.

अडचण

उरला रेडिओ. ट्यूनरला नुसती दीड मीटरची वायर लावली होती तेव्हा कारवार स्वच्छ लागायचं. पणजी मात्र दुपारी कशीबशी आणि इन्व्हर्टर चालू झाला की अजिबात नाही.

पहिला प्रयत्न बाजारातून झाला. दुकानातून 'टीव्ही-एफएम' असं छापलेला अँटेना आणि त्याच्यासोबत बूस्टर आला. अँटेनाच्या कांड्या वीत-सव्वा वीत लांबीच्या होत्या. एवढ्या कांड्या ५०० मेगाहर्ट्झच्या वरच्या टीव्ही चॅनेलसाठी असतात. एफएमच्या १०४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २.८८ मीटर, म्हणजे अर्धी तरंग १.४४ मीटर. वीतभर कांडीला ही लाट जवळजवळ दिसतच नाही. मग जे काही ऐकू येत होतं ते अँटेनातून नव्हे, केबलच्या बाहेरच्या जाळीतून येत होतं. बूस्टरने त्यात भर घातली ती गोंधळाची. तो सगळाच पट्टा उचलतो, जवळच्या मोबाइल टॉवरचा सिग्नलही त्यात आला. कारवार डायलवर तीन ठिकाणी ऐकू यायला लागलं आणि पणजीच्या जागी घरघर.

दुसरा प्रयत्न वरवर शहाणपणाचा वाटणारा होता. एका स्थानिक कारागिराने योग्य मापाचे दोन डायपोल (मध्ये फट ठेवून तिथे केबल जोडलेली कांडी, सगळ्यात साधा अँटेना) केले, एक पणजीसाठी आणि एक कारवारसाठी. दोघांत तीन-साडेतीन मीटरचं अंतर ठेवलं आणि केबल टीव्हीचा दोन वाटांचा स्प्लिटर उलटा लावून दोन्ही एकत्र केले. आजींनी कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला :

"अरे, कारवार आधी बरा होता. आता बाई जशी पाण्याखालून बोलते. आणि पणजी तर काल होती तेवढीच."

आजींचं निदान अचूक होतं. डायपोलला पुढची-मागची बाजू नसते, तो दोन्हीकडे सारखंच ऐकतो. म्हणजे 'पणजीचा' डायपोल कारवारही पूर्ण ताकदीने घेत होता आणि 'कारवारचा' डायपोल पणजीही. एकाच केंद्राचा सिग्नल दोन जागी पकडला जातो, दोन वेगळ्या लांबीच्या केबलमधून येतो आणि स्प्लिटरमध्ये भेटतो. दोन्ही लाटा पावलाला पाऊल जुळवून आल्या तर ठीक. अर्ध्या तरंगाचा फरक पडला तर एकमेकींना खातात. एफएममध्ये हा फरक आवाजाच्या फाटण्यातून कळतो, विशेषतः स, श, च या अक्षरांवर. शिवाय असा स्प्लिटर प्रत्येक वाटेला साडेतीन डेसिबेलच्या (सिग्नलची ताकद तोलायचं एकक) आसपास खातोच. जोरकस कारवारला त्याचं काही वाटत नाही. पणजीकडे द्यायला तेवढे डेसिबेल मुळातच नव्हते.

मोजमाप

यानंतर खरेदी थांबवली आणि मोजायला सुरुवात केली. हेच पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

साधन साधं होतं : १२ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम नळीचा १.३७ मीटरचा फोल्डेड, म्हणजे लांबट कड्यासारखा दुमडलेला, डायपोल, ३०० ते ७५ ओहमचा बॅलन (डायपोल आणि केबल यांचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर), १८ मीटर आरजी-६ केबल आणि केबलच्या टोकाला सिग्नल मीटर. आकडे केबलच्या टोकाशी घेतले, कारण ट्यूनरला तेवढंच मिळणार आहे. १०० मेगाहर्ट्झला आरजी-६ शंभर मीटरमागे सहा-साडेसहा डेसिबेल खाते, म्हणजे १८ मीटरला एक-सव्वा. फार नाही, पण दोन्ही मोजणींत तीच केबल ठेवली म्हणजे तुलना खरी राहते.

डायपोल आडवा धरून, त्याची लांबी पणजी-कारवार रेषेला काटकोनात ठेवून आकडे घेतले. स्वयंपाकघराच्या बाजूला जमिनीपासून चार मीटरवर कारवार ५६ डेसिबेल-मायक्रोव्होल्ट (एका मायक्रोव्होल्टच्या तुलनेत सिग्नलची पातळी), पणजी २१. घराच्या पूर्व कोपऱ्यात सात मीटरवर कारवार ५९, पणजी २६. तीन मीटर उंचीने पणजीला पाच डेसिबेल दिले. बूस्टरने वाढवलेले पाच डेसिबेल आणि उंचीने मिळालेले पाच डेसिबेल यांत मोठा फरक आहे. बूस्टर खरखरही वाढवतो. उंची फक्त सिग्नल वाढवते.

आणखी एक गोष्ट इथे दिसली. सात मीटरवरच डायपोल दक्षिणेकडे हात-दोन हात सरकवला की पणजीचा आकडा २६ वरून २२ वर यायचा आणि पुढच्या पाऊण मीटरवर परत चढायचा. डोंगरावरून, पत्र्याच्या गोठ्यावरून परतलेल्या लाटा सरळ आलेल्या लाटेत मिसळतात, म्हणून हवेत असे चढउतार बनतात. सुमारे दीड मीटरमागे ते परत परत येतात. म्हणून खांबाची जागा 'सोयीची भिंत' बघून ठरवू नये. बांबूला डायपोल बांधून दोन मीटरच्या परिघात चालून बघावं, पंधरा मिनिटं लागतात.

उभा-आडवा फरकही तपासला. पणजीसाठी दोन डेसिबेलसुद्धा फरक नव्हता. त्यामुळे आडवा ठेवायचं ठरलं, कारण उभ्या अँटेनाच्या कांड्यांना समांतर लोखंडी खांब येतो आणि त्यांचं सगळं गणित बिघडवतो. उभाच लावावा लागला असता तर बूम (कांड्या बसवायची मधली नळी) मागच्या टोकाला धरून अँटेना खांबाच्या पुढे काढावा लागला असता.

शेवटी ट्यूनरची भूक बघितली. केबलमध्ये पायरीपायरीने कमी करणारा ॲटेन्युएटर घालून कारवारचा आवाज कुठपर्यंत स्वच्छ राहतो ते ऐकलं. या ट्यूनरला स्टिरिओ स्वच्छ यायला ३५ च्या आसपास लागतात, मोनोला २० पुरतात. म्हणजे पणजीला मोनोसाठी सहा डेसिबेल हातात होते, स्टिरिओसाठी नऊ कमी पडत होते.

तोललेले पर्याय

सात मीटरवर एकच डायपोल. सगळ्यात स्वस्त, आणि दोन केंद्रं नेमकी समोरासमोर असली की खरंतर पहिला विचार याचाच करावा. त्याचा ऐकण्याचा आकार इंग्रजी आठ (8) अंकासारखा, दोन्ही बाजूंना फुगलेला. दोन्ही टोकांच्या दिशेला तो जवळजवळ बहिरा असतो. या घरात ती टोकं पूर्व-पश्चिमेला येत होती आणि पूर्वेच्या शेजाऱ्याकडचा इन्व्हर्टर आपोआप त्या बहिऱ्या बाजूला पडत होता. दोन्ही केंद्रं सारख्या ताकदीची असती तर काम इथेच संपलं असतं. पण पावसाळ्यात ओली झाडं, मध्येच पडणारा सिग्नल यांसाठी मोनोचे सहा डेसिबेल फार तोकडे होते.

दोन दिशांचे दोन यागी आणि हाताने फिरवायचा ए-बी स्विच. तांत्रिकदृष्ट्या हे निर्दोष. एका वेळी एकच अँटेना जोडलेला, एकमेकांना खाण्याचा प्रश्नच नाही. पण खांबावर दुप्पट वजन, दुप्पट जोड, दुप्पट गंज, आणि आजींना सकाळी उठून स्विच फिरवायला लागणार. हा पर्याय राखीव ठेवला.

दोन यागी फिल्टर लावून कायमचे जोडणं. टीव्हीच्या जमान्यात एक केंद्र व्हीएचएफवर (खालच्या पट्ट्यात) आणि दुसरं यूएचएफवर (वरच्या पट्ट्यात) असलं की हे सुरेख जमायचं, डायप्लेक्सरची छोटी डबी पुरायची. इथे १०२.३ आणि १०५.४ मध्ये फक्त ३.१ मेगाहर्ट्झ. एवढ्या जवळच्या दोन केंद्रांना वेगळं करणारा फिल्टर बाजारात सहज मिळत नाही, घरी जुळवणं जिकिरीचं.

फिरणारा अँटेना, मोटर लावून. समुद्र जवळ, पावसाळा चार महिने, लाइट जाणं नेहमीचं. गिअरमध्ये खारं पाणी गेलं की मोटर पणजी आणि कारवारच्या मधोमध, सह्याद्रीकडे तोंड करून अडकणार. हा पर्याय पहिल्याच चर्चेत बाद झाला.

मोबाइलवर न्यूजऑनएअर ॲप. नातवंडांसाठी उत्तम आहे. पण घराच्या ओसरीवर नेटवर्क एक कांडी, आणि वीज गेली की टॉवरही काही वेळाने गप्प होतो. रेडिओ नेमका त्याच वेळी लागतो.

आणि निवडलेला पर्याय : एकच यागी, तीन कांड्यांचा, तोंड पणजीकडे. कारवारसाठी वेगळं काहीच नाही. त्याला अँटेनाच्या पाठीतून येऊ द्यायचं.

निर्णय कसा झाला

ऐकायला हे उलटं वाटतं, आणि घरमालकांनाही वाटलं. "कारवारकडे पाठ केली तर ते लागणार कसं?" हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर कागदावर आकडे मांडून दिलं.

तीन कांड्यांचा साधा यागी डायपोलपेक्षा समोरून सुमारे पाच डेसिबेल जास्त देतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या ऐकण्यात १५ डेसिबेलच्या आसपास फरक असतो. म्हणजे पाठीमागून तो डायपोलपेक्षा दहा डेसिबेल कमी ऐकतो, शून्य नव्हे. पणजी : २६ अधिक ५, एकतीस. कारवार : ५९ वजा १०, एकोणपन्नास. कारवारला स्टिरिओसाठी ३५ पुरतात. पाठीतून येऊनही त्याच्याकडे चौदा डेसिबेल शिल्लक राहतात.

अँटेनाचं तोंड नेहमी दुबळ्या केंद्राकडे ठेवायचं, जोरकस केंद्र मागून येतंच. इतकंच नव्हे, ते मागून यावं हेच बरं. डायपोलवर दोन केंद्रांत ३३ डेसिबेलचा फरक होता, यागीवर तो १८ वर आला. जोरकस केंद्र दबलं की ट्यूनर त्याच्या ओझ्याखाली दबत नाही आणि शेजारचं दुबळं केंद्र मोकळं होतं.

म्हणूनच पाच किंवा सात कांड्यांचा मोठा अँटेनाही टाळला. तो पणजीला आणखी दोन-तीन डेसिबेल देईल, पण पाठ जास्त बंद करेल, वारा जास्त खाईल आणि बूम अडीच मीटरच्या पुढे जाईल. इथे मध्यम प्रतीची पाठ हाच गुण होता.

काम

मापं १०४ मेगाहर्ट्झ धरून घेतली, दोन्ही केंद्रांच्या मध्ये. मागची कांडी, म्हणजे रिफ्लेक्टर, १.४४ मीटर. मधला फोल्डेड डायपोल १.३७ मीटर. पुढची कांडी, डायरेक्टर, १.२९ मीटर. रिफ्लेक्टर ते डायपोल ५८ सेंटिमीटर, डायपोल ते डायरेक्टर ५० सेंटिमीटर. बूम २५ मिलिमीटरची चौकोनी ॲल्युमिनियम नळी, सव्वा मीटर. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर मध्यावर थेट बूमला बोल्टने बसवले, तिथे व्होल्टेज शून्य असतं म्हणून बिघडत नाही. डायपोलची वरची अखंड नळीही मध्यावर बूमला चालते. खालची, जिथे मध्ये फट असते, ती मात्र प्लॅस्टिकच्या डबीत धरली. या मापाने पणजीची खासगी केंद्रं, ९१.९ आणि ९२.७ वरची, थोडी मागे राहतात. ९८.३ बऱ्यापैकी मिळतं. हे घरच्यांना आधी सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं.

बॅलन डबीच्या आत, डायपोलच्या टोकांना जास्तीत जास्त पाच सेंटिमीटरच्या वायरने जोडला. डबी वरून आणि बाजूंनी सीलबंद केली आणि खाली तीन मिलिमीटरचं एक भोक मुद्दाम ठेवलं. कोकणपट्टीत डबी पूर्ण बंद केली तरी दमट हवा आत जातेच, रात्री तिचं पाणी होतं आणि बाहेर पडायला वाट नसते. एफ-कनेक्टरवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, वरून साधी काळी टेप. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली लोंबता वळसा दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, भिंतीत जात नाही.

खांब दीड इंची जीआय पाईपचा. तो कौलांवर किंवा वाशांना बांधला नाही. वाऱ्याने खांब हलला की कौलं सरकतात आणि पहिल्या पावसात घर गळतं. चिऱ्यांच्या भिंतीला बाहेरून, एकमेकांपासून सव्वा मीटरवर दोन क्लॅम्प घेतले. वरून तीन बाजूंना ताण दिला. ताणाच्या तारा अँटेनाच्या खाली किमान एक मीटर बांधल्या. बोल्ट सगळे स्टेनलेसचे. ॲल्युमिनियमवर साधा लोखंडी बोल्ट लावला तर खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

खांब जीआय पट्टीने जमिनीतल्या अर्थच्या सळीला जोडला. केबलची जाळीही घरात शिरण्याआधी त्याच अर्थला. याने थेट पडलेली वीज थांबत नाही, म्हणून मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात सॉकेटमधून केबल काढून ठेवायची. सॉकेटशेजारी पिवळा कागद चिकटवून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'ढग वाजले की काढा'.

तोंड ठरवताना आधी होकायंत्राने ३३८ अंश धरले. मग एक माणूस मीटरशी आणि एक शिडीवर, असं पाच-पाच अंशांनी फिरवलं. पणजीला सगळ्यात जास्त ३३० वर मिळालं, आठ अंश पश्चिमेला. सिग्नल डोंगर चढून नाही, खिंडीतून आणि समुद्राच्या बाजूने वळसा घेऊन येतो, म्हणून नकाशावरची दिशा आणि मीटरवरची दिशा अशी वेगळी निघते. शेवटचा शब्द मीटरचा.

निकाल

मृग लागण्यापूर्वी काम संपलं. केबलच्या टोकाला पणजी ३१, कारवार ४८. पणजी मोनोवर स्वच्छ, स्टिरिओवर पाठीमागे हलकी सळसळ. ट्यूनरवरचं मोनोचं बटण दाबून ठेवायचं ठरलं. या ट्यूनरला स्वच्छ स्टिरिओसाठी मोनोपेक्षा साधारण पंधरा डेसिबेल जास्त लागतात, आणि बातम्या, नाट्यगीतं, जुनी गाणी ऐकायला मोनोने काही हरवत नाही. हे बटण पहिल्याच दिवशी दाबून बघितलं असतं तर बूस्टर बहुधा आलाच नसता.

कारवारला मागून घेऊनही 'पाण्याखालचा' आवाज गेला. आजींची पसंती सकाळच्या पहिल्या कार्यक्रमाला मिळाली. त्यांनी आवाज कमी करायला सांगितलं, एवढंच. साहित्याचा खर्च, खांबासह पण डिश सोडून, साडेतीन हजारांच्या आत राहिला. वाया गेलेल्या बूस्टर आणि टीव्ही अँटेनाचे पैसे त्यात धरलेले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, मागणी जशीच्या तशी स्वीकारायला नको होती. 'दोन अँटेना हवेत' हे घरच्यांचं उत्तर होतं, प्रश्न नव्हे. प्रश्न होता कोणती केंद्रं, कोणत्या वेळी, कोण ऐकणार. तो विचारला असता तर टीव्ही आणि रेडिओ पहिल्या दिवशीच वेगळे झाले असते.

दुसरं, एक डायपोल, एक बांबू आणि उधार आणलेला मीटर घेऊन अर्धा दिवस आधी घालवायला हवा होता. मीटर नसेल तर साधा पोर्टेबल रेडिओही चालतो : त्याची कांडी आत दाबून, केबलच्या मधल्या तारेला चिमटा लावून ऐकायचं आणि मोनोतली खरखर कानाने तोलायची. आकडा मिळत नाही, पण कुठली जागा बरी हे नक्की कळतं.

तिसरं, दोन अँटेना एका स्प्लिटरमध्ये जोडण्याचा मोह. दोन्ही केंद्रं ताकदवान असली, दोन्ही यागींची पाठ चांगली बंद असली, तर हे कधीकधी जमूनही जातं. म्हणूनच लोक ते सांगत राहतात. एक केंद्र दुबळं असेल तिथे करू नये.

आणि एक निर्णय अजूनही वादाचा आहे. खांब सात मीटरऐवजी नऊ मीटर केला असता तर पणजीला आणखी दोन-तीन डेसिबेल मिळाले असते, स्टिरिओ कदाचित साधला असता. त्यासाठी दोन इंची पाईप, ताणाचा दुसरा मजला आणि भाटात एक खुंटा लागला असता. तो खुंटा नारळ उतरवणाऱ्याच्या वाटेत येत होता, म्हणून सोडला. काम करणाऱ्यांपैकी एकाला अजूनही वाटतं की तो खुंटा हातभर सरकवून जमलं असतं.

ऑक्टोबरात, चवथ होऊन गेल्यावर, तपासणीला गेल्यावर पणजी २८ वर उतरलेली सापडली. डबी कोरडी होती, जोड घट्ट होते. वर चढल्यावर कळलं : कुळागरातून येणाऱ्या वानरांनी पुढची कांडी धरून झोका घेतला होता आणि ती वीतभर खाली वाकली होती. सरळ केली, आकडा ३१ वर आला. तिथे आता १२ ऐवजी १६ मिलिमीटरची नळी बसवली आहे. जाड नळी किंचित आखूड लागते, म्हणून ती १.२८ मीटरला कापली. जुन्या मापाची एक कांडी माळ्यावर, शिडीच्या बाजूला बांधून ठेवली आहे.